लाइव्ह रोलप्लेमध्ये सरदाराला किती फौज द्यावी?

तुम्ही नाशिकमध्ये ३० जणांचा लाइव्ह रोलप्ले, म्हणजे खेळाडू स्वतःच पात्रं होऊन खेळतात तो खेळ, मांडताय आणि सरदाराला किती फौज द्यावी हे विचारताय. त्यात सरदाराच्या फौजेचा आकडा पदवीवर ठरवू नका, मुलखावर ठरवा: जितकी गावं, तितकी पथकं, आणि गाव हातचं गेलं की पुढच्या फेरीत पथकही गेलं. मराठेशाहीतला सरंजाम याच तत्त्वावर चाले. नेमून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नातून सरदाराने फौज बाळगायची. मुघल मनसबदारीत, म्हणजे अधिकाऱ्यांचा दर्जा आणि फौज ठरवण्याच्या पद्धतीत, तर 'जात' म्हणजे दर्जा आणि 'सवार' म्हणजे घोडेस्वार असे दोन वेगळे आकडे असत, आणि खोटी भरती पकडायला घोड्यांना डाग देत. तुम्हीही दर्जा दरबारात चालवा, मैदानावर फक्त पथकं मोजा. प्रत्येक पथकामागे एक हाडामांसाचा खेळाडू हवा, नुसती चिठ्ठी नको. मला हा नियम सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण मग सरदाराला माणसं राखावी लागतात, मनधरणी करावी लागते आणि फितुरीलाही वजन येतं. किल्ला मात्र एकाच्या हाती देऊ नका. शिवकाळाप्रमाणे तीन खेळाडू नेमा:

- हवालदार: किल्ल्या आणि पहारा
- सबनीस: हजेरी आणि हिशेब
- कारखानीस: धान्य आणि दारूगोळा

पथकं सारखीच मोजायची, याला अपवाद वेढ्याचा. तुमच्या जवळचा रामशेज किल्ला १६८२ पासून काही वर्षं मोजक्या शिबंदीवर (किल्ल्यातल्या सैनिकांवर) मुघलांच्या मोठ्या फौजेपुढे टिकला. म्हणून तटामागचं पथक तिप्पट ताकदीचं धरा, पण कोठारात धान्य आहे तोवरच.