साडेसात हजारांचे घर बारा हजारांना कसे पडते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही सेलूहून छत्रपती संभाजीनगरला येत आहात, नोकरी वाळूजच्या कंपनीत आहे, सोबत पत्नी आणि ४ वर्षांची मुलगी आहे, आणि तीन घरे पाहून झाली आहेत. सातारा परिसरात बंगल्याचा वरचा मजला ७,५०० रुपयांना, बजाजनगरात दोन खोल्या व स्वयंपाकघर ९,००० रुपयांना आणि गारखेड्यात सोसायटीतला फ्लॅट १०,५०० रुपयांना मिळतो आहे. तिन्ही घरे खाजगी मालकांची आहेत आणि साताऱ्याचे घर उघडच स्वस्त असल्याने तेच घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. (इतर वाचकांसाठी : हा सातारा म्हणजे जिल्हा नव्हे, आमच्या बीड बायपासपलीकडचा.) माझे मत ते घर घेऊ नये असे आहे, पण नुसत्या मताचा उपयोग नाही, म्हणून हिशेबच मांडतो.

बदलीच्या नोकरीमुळे २१ वर्षांत लातूर, नांदेड आणि संभाजीनगर मिळून मी भाड्याची ९ घरे बदलली. भाडे हा एकच आकडा घरमालक आपणहून सांगतो. बाकीचे आकडे आपण विचारून काढायचे असतात, नाहीतर सामान लावून झाल्यावर ते एकेक करून कळत जातात. म्हणून मी प्रत्येक घरासाठी वहीचे एक पान घेतो आणि भाडे, अनामत, पाणी, वीज, मेंटेनन्स आणि जाण्यायेण्याचा खर्च असे सगळे महिन्याच्या आकड्यात आणून बेरीज करतो. वर्षातून चारच महिने होणारा खर्चही बारांवर वाटून त्यात धरतो.

अनामतीचे लवकर आटोपते. पैसे परत मिळणार असले तरी तोवर ते आपल्याकडे नसतात, म्हणून बँकेतल्या ठेवीचे ७ टक्के व्याज गेले असे धरावे. साताऱ्याला २०,००० अनामत आहे, तिचे महिन्याला ११७ रुपये होतात. बजाजनगरच्या ३०,००० चे १७५ आणि गारखेड्याच्या ५०,००० चे २९२. रकमा लहान आहेत, यावरून घर ठरवू नये. अनामतीत खरा प्रश्न ती परत किती मिळते हा असतो, त्याकडे पुढे येतो.

पाण्याचे मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मराठवाड्यात घराचे खरे भाडे उन्हाळ्यात कळते. तुम्ही घरे पाहिलीत ती दिवाळीच्या सुमारास. त्या वेळी बोअरला पाणी असते, गच्चीवरच्या टाक्या भरलेल्या असतात आणि घरमालकही खोटे बोलत नसतो. तो "पाण्याचा त्रास नाही" म्हणतो तेव्हा त्या दिवशी खरोखरच त्रास नसतो. आपली जमीन काळ्या पाषाणाची, बोअरला लागते ते भेगांमधले पाणी, आणि मार्च उलटला की एका गल्लीतल्या दहा बोअरपैकी कोणती आटेल हे कोणीच सांगू शकत नाही. संभाजीनगरचे नळाचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते, पण धरण भरलेले असले म्हणून नळ रोज येतो असे नाही. दोन पाण्यांमधले अंतर येथे दिवसांत मोजतात. त्यामुळे "नळ आहे का" याबरोबरच "नळ किती दिवसांनी येतो आणि हौद किती लिटरचा आहे" हेही विचारावे.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी लातूरला औसा रोडच्या बाजूला राहत होतो. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. आमच्या घरमालकांनी हौदात एक वेळूची काठी सोडून ठेवली होती आणि तिच्यावर विळ्याने खाचा पाडल्या होत्या. रोज सकाळी काठी वर काढायची, ती कोणत्या खाचेपर्यंत ओली आहे ते पाहायचे आणि त्यावरून त्या दिवशी मोटार किती मिनिटे चालणार हे ठरायचे. तिसऱ्या खाचेखाली पाणी गेले की टँकर, आणि टँकरचे पैसे चार बिऱ्हाडांत. त्या वर्षी मे महिन्यात माझा पाण्याचा खर्च भाड्याच्या निम्म्यापर्यंत गेला होता. तेव्हापासून मी घर पाहायला गेलो की हौदाचे झाकण आधी उघडून पाहतो. घरमालकाला ते विचित्र वाटते, पण नाही म्हणत नाही.

साताऱ्याच्या मालकांनी तुम्हाला सांगितले आहे की पाणी बोअरचे आहे आणि उन्हाळ्यात टँकर लागला तर तिन्ही बिऱ्हाडांनी वाटून घ्यायचा. ५,००० लिटरचा टँकर ९०० रुपयांना आणि महिन्याला सहा टँकर धरले, तर तुमच्या वाट्याला १,८०० रुपये येतात आणि रोज साधारण ३३० लिटर पाणी मिळते, जे तीन माणसांना ओढाताण न होता पुरते. मार्च ते जून असे चार महिने धरले तर ७,२०० होतात, म्हणजे वर्षभर महिन्याला ६०० रुपये. बोअरचे पाणी जड असल्याने पिण्यासाठी जार लागेल. दिवसाआड एक, २० रुपयांप्रमाणे, ३०० रुपये. असे पाण्याचे ९०० झाले. बजाजनगरात मालक पाण्याचे सरसकट २५० घेतात. गारखेड्यात पाणीपट्टी ९०० रुपयांच्या मेंटेनन्समध्ये आहे, मात्र उन्हाळ्यात सोसायटी टँकरची वर्गणी काढते. ती तीन महिने ५०० धरली तर महिन्याला १२५ रुपये पडतात.

जाता जाता पाहुण्यांबद्दल. गावाकडे ज्यांचे घर आहे त्यांच्या शहरातल्या घरी माणसे येतातच, त्यातही घाटी रुग्णालयात कोणी भरती असेल तर दहा-पंधरा दिवस येतात. काही मालक पाण्याचे पैसे माणशी लावतात आणि पाहुणे मोजतात. हे करारात नसते, बोलण्यातही नसते, आणि पहिला पाहुणा आल्यावर निघते. तिघांनाही आधीच विचारून ठेवा.

आता वीज. तुमच्या सेलूच्या बिलानुसार महिन्याला १२० युनिट जळतात आणि सुमारे १,१०० रुपये येतात. बजाजनगर आणि गारखेड्यात स्वतंत्र मीटर आहे, तेव्हा तेथे हाच आकडा धरू. साताऱ्याला सबमीटर आहे, म्हणजे मालकांच्या एकाच मीटरवरून प्रत्येक बिऱ्हाडाची वीज मोजायला लावलेला पोटमीटर, आणि १२ रुपये युनिटप्रमाणे १,४४० होतील. हा दर लुटीचा वाटतो, पण नेहमी तसे नसते. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० यांचा दर त्याच्या जवळपास दुप्पट आणि त्यापुढे आणखी चढा. तीन बिऱ्हाडे व मालक मिळून एकाच मीटरवर साडेचारशे-पाचशे युनिट जाळत असतील, तर प्रत्येकाचे पहिले १०० स्वस्त युनिट मिळण्याऐवजी चौघांत मिळून एकदाच १०० मिळतात आणि उरलेले वरच्या टप्प्यांत जातात. म्हणजे मालकाने एक पैसाही ठेवला नाही तरी एकाच मीटरचा भुर्दंड भाडेकरूला बसतो. मालकांची संमती असेल तर वरच्या मजल्यासाठी महावितरणकडे स्वतंत्र जोडणी मागता येते. संमती देतील का, हे अनामत देण्याआधी विचारायचे.

सबमीटरचा आणखी एक अनुभव सांगतो. नांदेडला एका घरात आम्ही आठ दिवस गावी जाताना मेन स्विच बंद करून गेलो होतो. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीने रीडिंग लिहून ठेवत असे; परत आल्यावर पाहिले तर १९ युनिट वाढले होते. जिन्यातला दिवा आणि पाण्याची मोटार आमच्या सबमीटरवरून घेतली होती, मेन स्विचच्या आधीच्या तारेवरून. मालकांना बहुधा माहीतही नसावे, वायरमनने जवळची तार धरली असावी, पण दीड वर्ष त्याचे पैसे मी भरले होते. घर घेण्याआधी मेन स्विच पाडा, मालकांना मोटार चालू करायला सांगा आणि सबमीटरचा दिवा लुकलुकतो का ते पाहा. दोन मिनिटांचे काम आहे.

साताऱ्याचे घर वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा एप्रिल-मेमध्ये स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला राहील आणि कूलरशिवाय लहान मुलीला झोप लागणार नाही. कूलरची वीज वेगळी आणि कूलरमध्ये ओतायचे पाणी वेगळे, तेही नेमके टँकरच्या महिन्यांत. हे मी वरच्या आकड्यांत धरलेले नाही.

जाण्यायेण्याचा खर्च लोक घराच्या हिशेबात धरतच नाहीत. तुम्ही दिलेली अंतरे कंपनीच्या गेटपर्यंत साताऱ्याहून १३ किलोमीटर, गारखेड्याहून १७ आणि बजाजनगरहून २ अशी आहेत. महिन्याचे २६ दिवस, जाऊन-येऊन, आणि मोटारसायकलचे पेट्रोल, ऑइल, टायर मिळून किलोमीटरला ३ रुपये धरले तर साताऱ्याचे २,०२८, गारखेड्याचे २,६५२ आणि बजाजनगरचे ३१२ होतात. रात्रपाळीहून पहाटे अवजड वाहनांच्या गर्दीतून परतण्याला मी किंमत लावलेली नाही. ती तुम्ही घरी विचारून लावा.

आता बेरीज. सातारा : ७,५००, अनामतीचे ११७, वीज १,४४०, पाणी ९०० आणि प्रवास २,०२८, एकूण ११,९८५. बजाजनगर : ९,०००, १७५, वीज १,१००, पाणी २५०, प्रवास ३१२, एकूण १०,८३७. गारखेडा : १०,५००, २९२, मेंटेनन्स ९००, वीज १,१००, टँकर १२५, प्रवास २,६५२, एकूण १५,५६९. गारखेड्याचे घर दलालामार्फत आहे आणि तो एक महिन्याचे भाडे मागतो आहे, म्हणून पहिल्या वर्षी ते साडेसोळा हजारांच्या आसपास जाईल. दीड हजाराने स्वस्त दिसणारे साताऱ्याचे घर बजाजनगरपेक्षा महिन्याला १,१४८ रुपयांनी महाग पडते, तेही कूलर न धरता.

या बेरजेत एक गोष्ट उलटू शकते. वाळूजच्या अनेक कंपन्यांच्या बस शहरातून निघतात. तुमच्या कंपनीची बस गारखेड्यावरून जात असेल आणि तिचे पैसे कापले जात नसतील, तर तेथला आकडा दलाली सोडून १२,९१७ वर येतो. आणि पत्नीला शहरात शिकवण्याची नोकरी मिळण्याची शक्यता आहे असे तुम्ही लिहिले आहे, ती मिळाली तर बजाजनगरशी असलेला दोन हजारांचा फरक तिच्या प्रवासातच भरून निघेल. बजाजनगर हे कामगारांचे, पाळ्यांच्या गजबजाटाचे ठिकाण आहे. सोयी भरपूर आहेत, निवांतपणा कमी आहे. सध्याच्या माहितीवर मात्र मी तेच घेईन.

कराराबाबत. ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर नोटरी केली की झाले, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास मालकाला शिक्षा आहे, आणि वाद झाल्यास मालक उलट सिद्ध करत नाही तोवर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. खर्चही फार नाही : करारकाळातले एकूण भाडे आणि अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. बजाजनगरच्या घराचे ११ महिन्यांचे भाडे ९९,००० आणि व्याज २,७५० धरले तर शुल्क अडीचशेच्या वर थोडे होते. नोंदणी शुल्क शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण हद्दीत ५०० आहे. हा खर्च कोण करणार हे आधी ठरवा; निम्मा-निम्मा करण्याची पद्धत आहे.

करारात तीन गोष्टी आकड्यांत लिहून घ्या : ११ महिन्यांनंतर भाडेवाढ किती टक्के, मुदतीआधी सोडायचे तर सूचना किती दिवसांची, आणि घर सोडताना रंगाचे किती कापणार. अनामत नेहमी या तिसऱ्या मुद्द्यावर अडकते. माझ्या एका घरात १५,००० पैकी ६,००० रंगरंगोटीत गेले. त्या घरात आम्ही १० महिनेच राहिलो होतो, म्हणजे भाडे महिन्याला ६०० रुपयांनी जास्तच पडले म्हणायचे. तेव्हापासून चावी घेतली त्या दिवशीच भिंती, नळ, दारांच्या कड्या आणि मीटरचे रीडिंग यांचे फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवून देतो.

घरभाड्याच्या करसवलतीचेही तुम्ही विचारले आहे. ती जुन्या करप्रणालीतच मिळते. तुम्ही नवी निवडली असेल तर हा मुद्दा सोडून द्या. जुनी असेल तर वर्षाचे भाडे १ लाखाच्या वर गेल्यास मालकांचा पॅन लागतो, आणि बजाजनगर व गारखेडा दोन्ही घरे बारा महिन्यांत १ लाख ओलांडतात. पॅन द्यायला काही मालक कचरतात, म्हणून करारावर सही करण्याआधीच मागून घ्यावा.

बजाजनगरच्या मालकांना एकच गोष्ट आणखी विचारायची राहिली आहे : ते २५० रुपये मे महिन्यातही २५० च असतात का. त्यांचे उत्तर ऐका, आणि मग जिना उतरून खालच्या भाडेकरूलाही तेच विचारा.