‘द’ कुठे गळतो?

प्रश्न: मी रत्नागिरीत नर्स आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, लेखनात व्याकरणामुळे दोनदा अडकले. व्याकरणाचं पुस्तक पाठ केलं, तरी चुका त्याच. काय करू?

उत्तर: ताई, पुस्तक आता मिटून ठेवा. लेखनात व्याकरणाला चौथा हिस्सा गुण असतात, पण चुका ज्याच्या त्याच्या ठरलेल्या. माझ्या मालवणच्या वर्गात बहुतेकांचा इंग्रजीतला ‘द’ (the) हा शब्द गळतो, कारण मराठीत तसा शब्द नाहीच. एका मुलीने लिहिलं, ‘बोट लेफ्ट जेटी’. कुठली बोट, कुठली जेटी? मनात ‘ती होडी’ असेल, तर बहुधा ‘द’ हवाच. तुमचे जुने 5 निबंध काढा, लाल पेनाने फक्त ‘द’ शोधा. दुसऱ्या दिवशी फक्त क्रियापदाचा ‘एस’ (‘ही गोज’मधला). परीक्षेतही 60 मिनिटांतली शेवटची 5 याच दोन चुकांसाठी ठेवा. तपासलेला एक निबंध मला जरूर पाठवा.