कोरियन डिझाइन म्हणजे नुसता पांढरा साधेपणा नव्हे

तुमचा प्रश्न असा : कोरियन डिझाइन म्हणजे पांढरं, साधं, शांत, मग ते जपानीपेक्षा वेगळं कसं, आणि त्यात कोरियन ते काय?

गंमत म्हणजे ही पांढऱ्या कोरियाची प्रतिमा रुजवण्यात मोठा वाटा एका जपानी माणसाचाच, यानागी सोएत्सू यांचा. कोरिया जपानच्या ताब्यात असताना १९२४ मध्ये त्यांनी सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यात लोककलेचं संग्रहालय उभं केलं. जीव होता त्यांचा या कलेवर, यात वाद नाही. पण पांढऱ्या रंगात त्यांना कोरियाचं दुःख दिसलं, आणि ती राज्यकर्त्यांच्या गोटातून आलेली कणव पुढे कोरियन अभ्यासकांना खटकली. रास्तच आहे. त्याच राजवाड्याच्या छपराखालची लाल-हिरव्या रंगांनी गच्च भरलेली तुळयांची नक्षी बघा, कुठे आहे दुःख?

आता मून जार. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकात घडलेले हे चिनीमातीचे पांढरे, गोल रांजण. एवढं मोठं पोट चाकावर एका दमात उठवलं तर माती बसते, म्हणून दोन मोठे वाडगे करून काठाला काठ जोडत. भट्टीत ते थोडे कलतात आणि पोटावर सांध्याची रेघ राहते. कुणी ती लपवायच्या मागे लागलं नाही. पण घडवणाऱ्यांना आपण 'अस्मिता' घडवतोय हे ठाऊकही नसणार. तो अर्थ विसाव्या शतकात चढला. चित्रकार किम ह्वानकी यांनी हे रांजण पुन्हापुन्हा रंगवले आणि २०१८ च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकची ज्योतही याच आकाराच्या पात्रात पेटली.

माझ्या मते खरा मामला लिपीचा आहे. राजा सेजोंग यांनी १४४६ मध्ये हंगुल ही कोरियन लिपी जाहीर केली, पण चिनी अक्षरांच्या शेजारी बसायचं म्हणून व्यंजन-स्वर जोडून होणारं तिचं प्रत्येक अक्षर चौकोनात कोंबलं जाई. त्या चौकोनात मावायला एकच व्यंजन कुठे दबतं, कुठे पसरतं. आजच्या हंगुलमध्ये असे ११,१७२ जोड संभवतात. डिझायनर आन सांग-सू यांनी १९८५ च्या फाँटमध्ये तो चौकोनच मोडला. व्यंजनाचा आकार कायम ठेवला, शेवटचं व्यंजन सरळ खाली लोंबू दिलं. आपल्या शिरोरेषेखाली असते तशी ओळ : वरची कड सरळ, खालची वरखाली. पहिल्यांदा बघताना ती ओबडधोबड वाटते. पण जपानी साधेपणाशी तिचा काडीचा संबंध नाही; तिचं भांडण आहे ते चिनी चौकोनाशी.