वाचकांचे प्रश्न : एअरबॅगचा दिवा विझला म्हणजे एअरबॅग सज्ज झाली का?

प्रश्न : माझी सहा वर्षे वापरलेली हॅचबॅक मोटार गेल्या महिन्यात दुभाजकाला धडकली. पुढच्या दोन्ही एअरबॅग फुटल्या. सुदैवाने कोणाला मोठी इजा झाली नाही. गॅरेजवाले म्हणतात की एअरबॅग नव्या बसवू, पण त्यांचे मॉड्यूल (एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारी इलेक्ट्रॉनिक डबी) बदलायची गरज नाही. ते नाशिकला पाठवले की साडेतीन हजारांत ‘रीसेट’ होऊन येते आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवाही जातो. नव्या मॉड्यूलची किंमत याच्या कितीतरी पट आहे. रीसेट करून घ्यावे का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : घेऊ नये. आपल्या मोटारीच्या एअरबॅग फुटल्या आहेत, त्यामुळे मॉड्यूल नवेच बसवावे. बहुतेक मोटार कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांतही हीच सूचना असते. कारण नीट समजावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हे मॉड्यूल बहुतेक मोटारींत पुढच्या दोन आसनांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याखाली किंवा त्याच्या आसपास जमिनीच्या पत्र्याला बोल्टने घट्ट बसवलेले असते. तळहाताएवढी डबी, बाजूला पिवळे कनेक्टर आणि वर मोटारीच्या पुढच्या दिशेकडे रोखलेला एक बाण, असे त्याचे रूप. मोटारीचा वेग अचानक किती घटला हे मोजणारा संवेदक त्याच्या आत असतो. समोरून जोराची धडक बसली की साधारणतः दीड ते तीन शतांश सेकंदांत एअरबॅग उघडायची की नाही हा निर्णय तेथे होतो. धडकेत बॅटरीची वायर तुटली तरी काम अडू नये म्हणून आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठवलेली असते. एअरबॅग फुटली की त्या धडकेची नोंद स्मृतीत लिहिली जाते आणि मॉड्यूल स्वतःला कुलूप लावून घेते. म्हणूनच मोटारीतील दोषांच्या नोंदी वाचणाऱ्या आणि पुसणाऱ्या साध्या स्कॅनर यंत्राने हा दोष पुसता येत नाही.

रीसेट करणारे ती डबी उघडतात, आठ पायांची स्मृतीची चिप प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणाला जोडून तिच्यातील धडकेची नोंद काढून टाकतात आणि उरलेली माहिती परत लिहितात. जाणकार हाताने हे केले तर दिवा विझतो आणि मॉड्यूल बहुधा कामही करते. माझी हरकत या ‘बहुधा’ला आहे. एकदा पूर्ण धडक सोसलेला संवेदक आणि एकदा एअरबॅग पेटवून झालेले सर्किट पुढच्या वेळी त्याच शतांश सेकंदात तसेच वागेल, याची परीक्षा रीसेट करणाऱ्याच्या टेबलावर होत नाही. ती थेट पुढच्या अपघातात होते, आणि तेव्हा स्टीअरिंगमागे आपण किंवा आपल्या घरचे कोणी बसलेले असते.

दिव्यावर विसंबू नये याचे आणखी एक कारण आहे. मॉड्यूल प्रत्येक एअरबॅगच्या तारेत बारीकसा प्रवाह सोडून तिचा रोध तपासत राहते. हा रोध साधारण दोन ओहम भरला की एअरबॅग जागेवर आहे असे ते मानते. एका ओळखीच्या माणसाने विकत घेतलेली जुनी मोटार मी तपासत होतो. स्टीअरिंगचे झाकण काढले तर आत एअरबॅग नव्हतीच. पिवळ्या कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर, म्हणजे तेवढाच रोध दाखवणारा सुटा भाग, खोचून वर काळी टेप गुंडाळली होती. दिवा मात्र नियमाप्रमाणे उजळत होता आणि विझत होता. त्या मोटारीत रोज दोन मुले शाळेत जात होती, हे आठवले की आजही अस्वस्थ होते.

खर्चाबद्दल. विमा असेल तर सर्व्हेअरची पाहणी होईपर्यंत मॉड्यूल जागचे हलू देऊ नका. अनेक मॉड्यूल धडकेआधीचा वेग, ब्रेक, सीटबेल्ट लावला होता की नाही अशा नोंदी ठेवतात. पुढे वाद झाला तर त्या कामी येतात आणि रीसेटमध्ये त्या नाहीशा होऊ शकतात. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापला जातो, झिरो डेप्रिसिएशनचे संरक्षण असेल तर ही कपात टळते. मॉड्यूल आणि धडकेत ताणले गेलेले सीटबेल्ट मूळ अंदाजपत्रकातच लिहून घ्या. सीटबेल्ट क्षणात आवळणाऱ्या यंत्रणेतही स्फोटक भरलेले असते आणि ती एकदाच चालते, हे गॅरेजमध्ये हमखास विसरले जाते.

काम करणाऱ्याला दोन गोष्टी आठवणीने सांगा. बॅटरीची ऋण वायर काढल्यावर कपॅसिटर रिकामे होईपर्यंत पुस्तिकेत दिलेली काही मिनिटे थांबायचे. आणि मॉड्यूलचे बोल्ट पूर्ण आवळल्याशिवाय इग्निशन चालू करायचे नाही. सुटे मॉड्यूल हातून पडले तर त्यालाच ते धडक समजू शकते.

एअरबॅग न फुटताच दिवा लागला असेल तर गोष्ट वेगळी. बहुतेक वेळा आसनाखालचा कनेक्टर सैल झालेला असतो किंवा स्टीअरिंगमधली गुंडाळीची केबल तुटलेली असते. तो दोष दुरुस्त करून स्कॅनरने नोंद पुसणे हीच तेथे योग्य दुरुस्ती होय.

प्रश्न : २०२० सालची जुनी मोटार घेत आहे. एअरबॅगशी छेडछाड झाली आहे का, हे घरच्या घरी ओळखता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बऱ्याच अंशी येईल. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, पण शेजारच्या आसनासाठीची सक्ती २०२१ मध्ये आली. म्हणून आपल्या मोटारीच्या त्या प्रकारात मुळात किती एअरबॅग होत्या हे आधी पाहा. मग इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत आपोआप विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. इंजिन सुरू केल्यावरच विझत असेल तर त्याची तार ऑइलच्या दिव्याला जोडली असल्याची शंका घ्यावी. डॅशबोर्डवर प्रवाशासमोरचा भाग आणि स्टीअरिंगचे झाकण यांचा पोत बाकीच्या प्लास्टिकशी जुळतो का, तेही दिवसाच्या उजेडात पाहा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. त्यावरच्या चिठ्ठीवर निर्मितीचे वर्ष असते आणि ते २०२० च्या पुढचे निघाले तर मालकाला कारण विचारा. रेझिस्टर मात्र यातल्या कशानेही सापडणार नाही. त्यासाठी अधिकृत वर्कशॉपमध्ये झाकण उघडून पाहणी करून घ्यावी लागेल, आणि ती बयाणा देण्याआधी करावी.