“मॅडम, मी सावळी आहे. केबिन क्रूमध्ये घेतील?”

बारावी झालेल्या मुली आणि त्यांच्या आया हा प्रश्न मला सारख्या विचारतात. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईहून विमानं उडू लागल्यापासून तर जास्तच.

ऐरोलीची एक मुलगी केबिन क्रूच्या निवडीत दोन ठिकाणी गटचर्चेतच बाद झाली होती. नोकरी वाशीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये, रिसेप्शनला.

“रंगामुळेच,” ती म्हणाली.

“कुणी बोललं तसं?”

“बोलत नाहीत, पण कळतं ना.”

भीतीशी वाद घालू नये, तिच्याकडे पुरावा मागावा, या मताची मी आहे. म्हणून आधी मोजता येईल ते मोजलं. भारतीय कंपन्या मुलींची उंची साधारण १५५ सेंटिमीटर मागतात, हिची १५७. आखातातल्या काही मोठ्या कंपन्या टाचा उचलून हात २१२ सेंटिमीटरवर पोचतो का ते पाहतात, कारण आपत्कालीन साहित्य वरच्या कप्प्यांत असतं. गणवेशात दिसणारा टॅटू चालत नाही. गोरेपणाची अट कुठेच सापडली नाही.

“गटचर्चेत काय केलंस?”

“पाठ केलेलं सगळ्यांच्या आधी बोलून टाकलं.”

“बाकीचे काय म्हणाले?”

आठवेना. मला तिथेच धागा सापडला: तिचं लक्ष इतरांकडे नव्हतंच, आणि क्रूचं खरं काम तेच. अर्धीच दारं वापरून ९० सेकंदांत विमान रिकामं होतं, हे मोठं प्रवासी विमान बनवणाऱ्याला सिद्ध करून दाखवावं लागतं. प्रत्यक्षात ते काम क्रूचं. म्हणूनच प्रशिक्षणात ओरडून आज्ञा देणं, धुरापासून वाचवणारा हुड घालून आग विझवणं, पाण्यात तराफ्यावर माणसं चढवणं, छातीवर ३० दाब आणि २ श्वास हे घोटून घेतात. ट्रे वाढणं त्यामानाने सोपं. दारात हसून स्वागत करतानाही प्यायलेला कोण, आजारी कोण, अडचणीत मदतीला येईल असा धडधाकट कोण, हे नजर टिपत असते.

हे ऐकून ती सावरून बसली. “रक्त देताना कोणाला चक्कर येणार, मला आधी कळतं.”

“कशावरून?”

“ओठ पांढरे पडतात, बोलणं तुटतं. मी खुर्ची आधीच मागे झुकवते.”

दोन्ही ठिकाणी हे तिने एकदाही सांगितलं नव्हतं! तिच्या रंगाचा विषय त्यानंतर आमच्यात निघाला नाही.

मग सराव एवढाच: चर्चेत दुसऱ्याचा मुद्दा त्याच्या नावानिशी पुढे न्यायचा, गप्प बसलेल्याला बोलतं करायचं, आणि लॅबचा प्रसंग एका मिनिटात, साध्या इंग्रजीत सांगायचा. उच्चार विलायती नसले तरी चालतात, स्पष्ट हवेत.

आयांसाठी एक: बहुतेक कंपन्यांना बारावी पुरते, लाखभराचा कोर्स सक्तीचा नाही. आणि निवडीसाठी पैसे मागणारा फोन आला, तर ठेवून द्या.