इतिहासातले अत्याचार नाकारणाऱ्याला तुरुंगात टाकणारा कायदा भारतात असावा का?

तुम्ही विचारलंय की, जर्मनीत ज्यूंचा वंशसंहार (होलोकॉस्ट) नाकारणं गुन्हा आहे, मग आपल्याकडेही तसा कायदा का नको? मी बेळगावचा. बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) घालायला विरोध करताना १९५६ साली पोलिसांच्या गोळ्यांनी गेलेल्यांना दर १७ जानेवारीला हुतात्मा चौकात हार घालायला जाणाऱ्यांतला. त्यामुळे मी हो म्हणेन असं वाटेल, पण माझं उत्तर ‘नको’ असं आहे.

आधी तिकडचं बघू, कारण ते कायदे आपण समजतो तितके सरसकट नाहीत. जर्मनीनं १९९४ साली दंडसंहितेच्या कलम १३०मध्ये हा गुन्हा स्पष्ट घातला. त्यातही सार्वजनिक शांतता बिघडेल अशा रीतीनं नाकारणं, ही अट आहे. फ्रान्सचा १९९०चा कायदा तर न्युरेंबर्गच्या सनदेला, म्हणजे नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या सनदेला, बांधलेला आहे. म्हणजे आधी खटला उभा राहिला, नाझींचेच कागद पुरावे म्हणून आले, निकाल लागला आणि मग किती तरी वर्षांनी कायदा झाला. त्याच फ्रान्सच्या संसदेनं पुढं तुर्कांनी केलेला आर्मेनियन लोकांचा वंशसंहार नाकारणंही गुन्हा ठरवायचा प्रयत्न केला, तेव्हा २०१२ साली तिथल्या घटना परिषदेनं तो रद्द केला. स्पेनच्या घटना न्यायालयानं २००७ साली रेघ आणखी बारीक ओढली : नुसतं नाकारणं गुन्हा नाही, समर्थन करणं गुन्हा.

आणि जर्मनीनं तो कायदा केला तो स्वतःच्या पापाबद्दल. हे विसरलं की सगळं उलटं होतं. तुर्कस्तानात कलम ३०१ आहे, राष्ट्राच्या अपमानाचं. आर्मेनियन प्रश्नावर लिहिणारा संपादक ह्रांट दिंक याला त्याखाली शिक्षा झाली आणि २००७ साली इस्तंबूलमध्ये त्याच्या कचेरीबाहेर त्याला गोळ्या घातल्या.

आता आमच्याकडे या. (आमच्या गोळीबाराची मी होलोकॉस्टशी बरोबरी करत नाही, तशी करणारे आमच्यातही आहेत आणि ते ऐकून मान खाली जाते.) १७ जानेवारी १९५६ला इथं गोळ्या चालल्या तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं, मुख्यमंत्री मोरारजी देसाई. म्हैसूर राज्यात आम्ही गेलो ते १ नोव्हेंबरला. म्हणजे ज्या सरकारच्या पोलिसांनी गोळी घातली ते राज्यच आज शिल्लक नाही, आणि भाषणांत मात्र सगळा दोष कर्नाटकाच्या माथी! १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातला गोळीबार कर्नाटकाचा खरा. त्या हुतात्म्यांना आम्ही १ जूनला हिंडलग्यात अभिवादन करतो.

कोर्टाच्या आवारात चहाला माझ्यासोबत एक कन्नड वकील मित्र असतो. १९८६चा विषय निघाला की तो ठरलेलं बोलतो, ‘दगड पडायला लागले तर पोलिसांनी काय करायचं हो?’ मी चिडतो. कप आपटून ठेवतो, चहा बशीत सांडतो. पण उद्या त्याला या वाक्याबद्दल आत टाकलं तर त्याचं वकीलपत्र पहिल्यांदा मीच घेईन. कारण साधं आहे. तो कायदा लिहिणार बेंगळुरू किंवा दिल्ली, ‘घडलं ते काय’ हे ठरवणार सरकारी वकील, आणि पहिली नोटीस येणार ती आमच्याच मराठी मंडळाला. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची फेरी काढली की गुन्हे दाखल होतात, हे सीमाभागात कुणाला नवीन आहे? अशा हातात आणखी एक कलम द्यायचं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. खोटा इतिहास सांगून जमाव पेटवणाऱ्यासाठी जुन्या दंडविधानाचं १५३अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं १९६ आहे. तेवढं पुरे.

मग खोटं बोलणाऱ्याचं करायचं काय? डेव्हिड आयर्विंग या ब्रिटिश लेखकाचं उदाहरण घ्या. होलोकॉस्ट नाकारणारा म्हटलं म्हणून त्यानं लंडनमध्ये डेबोरा लिपस्टाट या इतिहासकार बाईंवर बदनामीचा दावा लावला. रिचर्ड इव्हान्स या इतिहासकारानं त्याच्या पुस्तकांतल्या तळटीपा मूळ जर्मन कागदांशी एकेक करून ताडल्या आणि लबाडी उघडी पाडली. २००० साली आयर्विंग हरला, त्याची इतिहासकार म्हणून पत संपली. २००६ साली ऑस्ट्रियानं त्याला होलोकॉस्ट नाकारल्याबद्दल तुरुंगात घातलं, तेव्हा विरोध करणाऱ्यांत लिपस्टाटबाईच होत्या.

आम्हाला कमी आहे ती कागदांची. गोळीबाराचा हुकूम कुणी दिला, किती फैरी झाडल्या, शवविच्छेदनात गोळी कुठं लागल्याचं लिहिलंय, हे दाखवलं तर मित्राचं तोंड बंद होईल, किंवा माझं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) सांगतं की वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, राष्ट्राची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद असे मोजके अपवाद सोडले तर, द्यावीच लागते. १९८६ त्यात बसतं, १९५६ तर बसतंच. १९८६साठी अर्ज जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त, दोन्हीकडे टाका. १९५६साठी मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयालाही लिहा, कारण सरकार तिथलं होतं. बेळगावातले अर्ज मराठीत, सोबत कन्नड प्रत जोडून; नाहीतर भाषेवरूनच परत येईल.