वाचकांचे प्रश्न : मनुष्यबळ क्षेत्रातील वरिष्ठ मान्यता

प्रश्न : मी १४ वर्षे एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहे. भरती, हजेरी, पगारपत्रके आणि रजांचे हिशेब ही कामे माझ्याकडे आहेत. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी कनिष्ठ असलेल्या सहकाऱ्याला वरिष्ठ व्यावसायिक मान्यता मिळाली. माझा अर्ज मात्र ‘आवश्यक पातळीचा अनुभव दिसत नाही’ या शेऱ्यासह परत आला. हा अन्याय नव्हे काय?

उत्तर : आपल्याला मिळालेल्या शेऱ्यातला ‘पातळी’ हा शब्द पुन्हा वाचावा, कारण अर्ज वर्षांच्या मोजणीत अडकलेला नाही. वर्षांची अट तशी फार कडक नसते. मनुष्यबळ क्षेत्रातील प्रमाणपत्रे देणाऱ्या एचआरसीआय या अमेरिकी संस्थेच्या एसपीएचआर या वरिष्ठ परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवी असल्यास ४, पदवी असल्यास ५ आणि पदवी नसल्यास ७ वर्षांचा व्यावसायिक पातळीवरचा अनुभव लागतो. एसएचआरएम या दुसऱ्या अमेरिकी संस्थेच्या एससीपी या वरिष्ठ प्रमाणपत्रासाठी धोरणात्मक स्वरूपाच्या कामाची किमान ३ वर्षे अपेक्षित आहेत. १४ वर्षे या सर्व अटींपेक्षा कितीतरी अधिक आहेत, पण त्या वर्षांत ठरलेला नियम अमलात आणण्याचे काम किती झाले आणि नियम कोणता असावा हे ठरवण्यात आपला वाटा किती होता, हा भेद अर्ज तपासणारी व्यक्ती शोधत असते. कनिष्ठ आणि वरिष्ठ मान्यतेतली सीमारेषा नेमकी तिथेच आहे.

हे मी अधिकाराने सांगते, कारण माझ्याही पहिल्या अर्जात ‘सहभाग घेतला’, ‘साहाय्य केले’, ‘समन्वय साधला’ अशी क्रियापदे ओळीने होती आणि तो अर्ज परत आला तेव्हा मला फार लागले होते. पुढे अनेकांना त्यांचे अर्ज लिहिण्यात मदत करताना लक्षात आले की बहुतेकांनी वरिष्ठ पातळीचे काम केलेले असते, पण ‘ते तर रोजचेच’ म्हणून ते लिहिलेलेच नसते. एका अर्जात ‘नोकरी सोडणाऱ्यांच्या मुलाखती घेणे’ एवढीच ओळ होती. त्या बाईंशी तासभर बोलल्यावर कळले की एका विभागातली नवी माणसे सहा महिन्यांच्या आत सोडून जात आहेत, हे त्यांनी स्वतः हेरले होते. मुलाखतींच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्यावर त्यांना दिसले की नव्याने रुजू झालेल्या प्रत्येकाला सलग रात्रपाळी लावली जात होती आणि जुन्यांना दिवसपाळी. त्यांनी उत्पादनप्रमुखांपुढे पाळ्यांच्या आलटून पालटून वाटपाचा प्रस्ताव ठेवला, जुन्या कामगारांची नाराजी अंगावर घेतली आणि वर्षभराने गळती किती कमी झाली याचा हिशेबही मांडला. हे सगळे अर्जात नव्हते. हेच तर वरिष्ठ काम आहे!

आपणही एक वही घ्यावी आणि गेल्या पाच वर्षांतले असे प्रसंग आठवून लिहावेत, ज्यात आपल्या म्हणण्यामुळे कंपनीने आपला मार्ग बदलला. प्रत्येक प्रसंगात अडचण काय होती, कोणते पर्याय समोर होते, आपण कोणता निवडला, का निवडला आणि त्याचे काय झाले, एवढे आले पाहिजे. असे तीन-चार प्रसंग सापडले तर पुन्हा अर्ज करावा. सापडले नाहीत तर कृपया ते रचू नयेत; काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात आणि त्या वेळी वरिष्ठांकडून खातरजमा मागितली जाऊ शकते. अशा स्थितीत आधी एचआरसीआयचे पीएचआर किंवा एसएचआरएमचे एसएचआरएम-सीपी ही वरिष्ठ प्रमाणपत्राच्या खालची पायरी घ्यावी आणि त्याच वेळी वरिष्ठांकडे वेतनरचनेचे, मनुष्यबळाच्या नियोजनाचे किंवा बढतीच्या निकषांचे एखादे काम मागून घ्यावे. मागितल्याशिवाय असे काम सहसा टेबलावर येत नाही.

प्रश्न : आमच्या कंपनीच्या शाखा अनेक देशांत आहेत. एसपीएचआर, एससीपी आणि चार्टर्ड सदस्यत्व यांपैकी काय निवडावे? दोन घेतल्यास अधिक वजन येईल काय?

उत्तर : एचआरसीआयची प्रमाणपत्रे १९७६ पासून आहेत. एसएचआरएम ही संस्था अनेक वर्षे त्यांच्याच पाठीशी होती. पुढे वाटा वेगळ्या झाल्या आणि २०१५ पासून एसएचआरएमने स्वतःच्या परीक्षा घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे दोन्ही परीक्षांचा अभ्यासविषय बराच जुळतो, पण परीक्षेचा स्वभाव वेगळा आहे. एसपीएचआरमध्ये अमेरिकी कायद्यांचा भाग आहे, म्हणून अमेरिकेबाहेर काम करणाऱ्याने एसपीएचआरआय ही त्याची आंतरराष्ट्रीय आवृत्ती पाहावी. नावातल्या एका अक्षराकडे दुर्लक्ष झाल्याने चुकीच्या परीक्षेची तयारी करणारी माणसे मी पाहिली आहेत.

चार्टर्ड सदस्यत्व देणाऱ्या सीआयपीडी या ब्रिटनमधील मनुष्यबळ व्यावसायिकांच्या संस्थेचा मार्ग निराळा आहे. तिची मुळे १९१३ मध्ये स्थापन झालेल्या कामगारकल्याण कार्यकर्त्यांच्या संघटनेत आहेत आणि तिला २००० मध्ये राजसनद (रॉयल चार्टर) मिळाली. तिथे असोसिएट, चार्टर्ड सदस्य आणि चार्टर्ड फेलो अशा चढत्या पायऱ्या असून अनुभवी व्यक्तीला अभ्यासक्रमाऐवजी अनुभवाच्या मूल्यमापनातूनही प्रवेश मिळतो. बहुपर्यायी परीक्षेपेक्षा स्वतःच्या कामाविषयी बोलणे आणि लिहिणे ज्यांना जमते, त्यांच्यासाठी हा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो. आपल्याला ज्या पदावर जायचे आहे त्या पदांच्या जाहिरातींत कोणते नाव येते ते पाहून एकच निवडावे. दुसऱ्याने वजन वाढत नाही, नूतनीकरणाचे काम मात्र दुप्पट होते.

प्रश्न : एसएचआरएमच्या वरिष्ठ परीक्षेत मी एकदा अनुत्तीर्ण झालो. माहितीवरचे प्रश्न सोपे गेले, पण प्रसंगांवरच्या प्रश्नांत सगळेच पर्याय बरोबर वाटत होते. तयारी कशी करावी?

उत्तर : पर्याय सगळेच पटण्याजोगे असतात, तसेच ते रचलेले असतात. अनुभवी जाणकारांच्या मते त्यांतला सर्वांत परिणामकारक कोणता, यावर गुण ठरतात. म्हणून पाठांतर इथे उपयोगी पडत नाही.

मी रचलेले एक उदाहरण पाहा. सर्वाधिक विक्री करणाऱ्या कर्मचाऱ्याविरुद्ध तीन सहकाऱ्यांनी अपमानास्पद वागणुकीची तोंडी तक्रार केली आहे आणि विक्रीप्रमुख म्हणतात, तिमाही संपेपर्यंत थांबा. त्याला लगेच निलंबित करावे, तक्रारी लेखी येईपर्यंत थांबावे, विक्रीप्रमुखांचे ऐकावे, की विक्रीप्रमुखांना धोका समजावून त्यांना सोबत घेऊन आजच निःपक्ष चौकशी सुरू करावी? नियमपुस्तकावर वाढलेला माणूस ‘लेखी तक्रार’ या पर्यायाकडे झुकतो, कारण तो सुरक्षित वाटतो. पण त्या काळात तक्रारदार उघडे पडतात आणि उद्या इतर कोणी बोलणार नाही. निलंबनाने चौकशीआधीच निकाल लागतो. शेवटच्या पर्यायात तक्रारदारांचे संरक्षण, आरोप असलेल्याला न्याय आणि व्यवसायप्रमुखाची साथ या तिन्हींची काळजी घेतलेली आहे. आपण रोज ऑफिसात घडणाऱ्या एका प्रसंगावर असे चार पर्याय लिहावेत आणि नाकारलेल्या प्रत्येक पर्यायात कोणाचे नुकसान होते हे एका वाक्यात मांडावे. दोन-तीन महिने असे केल्यास दृष्टी बदलते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : ही मान्यता एकदा मिळाली की कायमची असते काय?

उत्तर : नाही. एसएचआरएम आणि एचआरसीआय या दोन्हींकडे दर ३ वर्षांनी ६० श्रेयांक, म्हणजे प्रशिक्षण किंवा तत्सम कामांबद्दल मिळणारे गुण, दाखवावे लागतात, अन्यथा परीक्षा पुन्हा द्यावी लागते. एसपीएचआरसाठी त्यांतले १५ व्यवसायाशी संबंधित असावे लागतात, आणि धावपळ होते ती बहुधा याच पंधरांसाठी. प्रशिक्षण, व्याख्यान किंवा नवा प्रकल्प पूर्ण झाला की त्याची तारीख, तास आणि पुरावा त्याच दिवशी नोंदवून ठेवावा.